वक्ररेषेपासून अंकापर्यंत : कोयना-वारणा खोऱ्यातील मापनाचा इतिहास आणि अंकपरिवर्तक चिप

प्रास्ताविक

कोयना भूकंपासंबंधी आजवर झालेल्या लेखनाचे प्रामुख्याने तीन प्रवाह आढळतात. जलाशयातील पाणी आणि भूकंप यांचा संबंध शोधणारे भूशास्त्रीय लेखन, धरणाच्या बांधणीची व मजबुतीकरणाची चिकित्सा करणारे अभियांत्रिकी लेखन आणि विस्थापितांच्या प्रश्नांचा वेध घेणारे सामाजिक लेखन. या तिन्ही प्रवाहांत आकडे असतात. परंतु ते आकडे निर्माण कसे झाले, हा प्रश्न सहसा विचारला जात नाही. जमीन हादरते ती अखंडपणे. नदी चढते तीही अखंडपणे. हादऱ्याचे वा पाणीपातळीचे अंक होण्यापूर्वी कोणीतरी किंवा कशानेतरी त्या अखंड बदलाचे तुकडे पाडलेले असतात. हे काम पूर्वी माणसाचा डोळा करी. आज ते भाताच्या दाण्याहून लहान अशी एक चिप करते. इंग्रजीत तिला ॲनालॉग-टू-डिजिटल कन्व्हर्टर असे नाव आहे. प्रस्तुत निबंधात सोयीसाठी ‘अंकपरिवर्तक’ असा शब्द योजिला आहे.

सातारा व सांगली या दोन जिल्ह्यांच्या मापनाच्या इतिहासात या चिपेचे स्थान काय, हे पाहणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे. चिपेमुळे मापन अचूक झाले, एवढेच म्हणून भागत नाही. तिने मापनातील मानवी निर्णय नाहीसा केला नाही. तो निर्णय घेण्याची जागा आणि वेळ मात्र बदलली. इतिहासाच्या अभ्यासकाला या बदलाची दखल घ्यावीच लागते, कारण १९६७ चा आकडा आणि २०१७ चा आकडा एकाच तक्त्यात शेजारी बसवले जातात.

मोनोलिथ १-अ मधील कागद

पाटण तालुक्यातील कोयना धरण १०३ मीटर उंचीचे आहे. शिवाजीसागर जलाशयात १९६२ च्या सुमारास पाणी साठू लागल्यानंतर परिसरात लहान लहान हादरे जाणवू लागले. त्यांच्या नोंदीसाठी पुण्याजवळील खडकवासला येथील केंद्रीय जल आणि विद्युत संशोधन केंद्राने कोयना, गोवळकोट, सातारा व महाबळेश्वर येथे भूकंपमापक बसविले. दख्खनचे पठार भूकंपाच्या दृष्टीने स्थिर आहे, अशी त्या काळातील शास्त्रीय धारणा होती. १९६२ च्या भारतीय मानकाच्या नकाशात हा प्रदेश शून्य क्षेत्रात दाखविला होता. धरणाच्या संकल्पनात भूकंपासाठी धरलेला गुणांक गुरुत्वीय त्वरणाच्या केवळ ०.०५ पट होता.

११ डिसेंबर १९६७ रोजी पहाटे ४ वाजून २१ मिनिटांनी ही धारणा मोडीत निघाली. सुमारे दोनशे माणसे मृत्युमुखी पडली, दोन हजारांहून अधिक जखमी झाली आणि कोयनानगर जमीनदोस्त झाले. धरणाच्या काही उंच मोनोलिथना, जेथे खालच्या बाजूचा उतार एकाएकी बदलतो त्या पातळीजवळ, आडवे तडे गेले. या भूकंपाची महत्ता आज ६.३ मानली जाते. जुन्या अभियांत्रिकी लेखांत ६.५ हा आकडाही आढळतो. एकाच घटनेचे दोन आकडे का, याचे उत्तरही मापनाच्या इतिहासातच आहे.

त्या पहाटे धरणाच्या मोनोलिथ १-अ मधील गॅलरीत एआर-२४० या अमेरिकी बनावटीचा त्वरणलेखक कार्यरत होता. यंत्रातील आरशांवरून परावर्तित झालेले प्रकाशकिरण सरकत्या फोटोग्राफिक कागदावर पडत आणि जमिनीच्या हालचालीनुसार रेषा उमटत. त्यावरून धरणाच्या अक्षाच्या दिशेने ०.६३, प्रवाहाच्या दिशेने ०.४९ आणि उभ्या दिशेने ०.३४ पट गुरुत्वीय त्वरण नोंदले गेल्याचे निश्चित झाले. संकल्पनात धरलेल्या गुणांकाच्या बारा पटींहून अधिक असा हा आकडा होता. अर्थात क्षणिक कमाल त्वरण आणि संकल्पनातील स्थिर गुणांक यांची सरळ तुलना करणे शास्त्रशुद्ध नाही. पण त्या काळी हा आकडा ऐकणाऱ्या अभियंत्यांना केवढा धक्का बसला असेल, याची कल्पना येण्यास ती पुरेशी आहे.

कागदावर उमटली होती ती रेषा, अंक नव्हे. धरणाच्या प्रतिसादाचे गणित करण्यासाठी अंक लागतात. रुडकी विद्यापीठातील जय कृष्ण, चंद्रशेखरन व सैनी यांनी या आलेखाचे विश्लेषण १९६९ मध्ये अमेरिकेच्या भूकंपशास्त्रीय संस्थेच्या नियतकालिकात प्रसिद्ध केले. पुढे बर्कली येथील अनिल चोप्रा यांनी चक्रवर्ती यांच्यासह १९७३ मध्ये धरणाच्या हानीची मीमांसा केली, तीही याच नोंदीच्या आधारे. तेव्हापासून आजपर्यंत काँक्रीटच्या गुरुत्व धरणांवरील भूकंप-परिणामांच्या अभ्यासात कोयनेची ही नोंद जगभर वापरली जाते. ‘अबाकस’ या सुप्रसिद्ध संगणकप्रणालीच्या उदाहरणपुस्तिकेतही कोयना धरण आहे. पाटण तालुक्याचे नावही न ऐकलेला परदेशी विद्यार्थी आपला संगणक-नमुना मोनोलिथ १-अ मधील त्या कागदावर तपासून पाहतो.

रेषेचे अंक करण्याची त्या काळची सर्वसाधारण रीत अशी. आलेख मोठा करून घ्यावयाचा. त्यावर शून्यरेषा कल्पावयाची. रेषा जेथे जेथे वळते, तेथे तेथे बिंदू निवडून त्याचे शून्यरेषेपासूनचे अंतर मोजावयाचे आणि दोन बिंदूंमध्ये रेषा सरळ आहे असे गृहीत धरावयाचे. येथे निवड करणारा अर्थातच माणूस. कोणते वळण खरे आणि कोणते कागदाच्या सुरकुतीचे, हे त्याचा अनुभव ठरवी. शून्यरेषेचा प्रश्न तर अधिकच बिकट होता. त्वरणाचे एकदा संकलन केले की वेग मिळतो आणि दुसऱ्यांदा केले की विस्थापन. शून्यरेषा केसाच्या जाडीइतकी चुकली, तरी दुसऱ्या संकलनाअखेर ती चूक कित्येक पटींनी फुगते आणि जमीन भूकंपानंतर कोठल्या कोठे सरकल्याचे दिसू लागते. म्हणून शून्यरेषेत दुरुस्ती करावी लागे आणि ती कशी करावी याविषयी अभ्यासकांत एकमत नसे. कोयनेच्या आलेखातील कमाल त्वरणाविषयी फारसा वाद नाही. त्यापासून काढलेले विस्थापन मात्र दुरुस्तीच्या पद्धतीनुसार बदलते. आपण ज्याला ‘मूळ नोंद’ म्हणतो, ती या अर्थाने एक संपादित संहिता आहे. पाठचिकित्सेची सवय असलेल्या आपल्या विद्याशाखांतील सहकाऱ्यांना हे सहज पटावे.

आणखी एक उणीव या यंत्रात उपजतच होती. फोटोग्राफिक कागद अखंड चालू ठेवणे परवडणारे नसल्याने यंत्र एरवी झोपलेले असे. हादरा सुरू झाला की एक लहानसा लोलक विद्युतमंडल जोडी आणि मग कागद सरकू लागे. परिणामी भूकंपाचा अगदी आरंभीचा क्षण कधीच नोंदला जात नसे. ही उणीव ध्यानात ठेवावी, कारण अल्पशक्ती अंकपरिवर्तकाचे महत्त्व तिच्यामुळेच स्पष्ट होते.

शेर, अच्छेर, पावशेर

अखंड विद्युतदाबाचा अंक कसा होतो, हे समजण्यासाठी इलेक्ट्रॉनिक्सचे विशेष ज्ञान लागत नाही. जुन्या वाण्याचा तराजू आठवला तरी पुरे. शेर, अच्छेर, पावशेर, अदपाव, छटाक ही मापे प्रत्येक पायरीला निम्मी होत जातात. वजन करताना प्रथम मोठे माप टाकावयाचे. पारडे खाली गेले तर ते काढावयाचे, नाही तर ठेवावयाचे. मग त्याच्या निम्मे, मग त्याच्या निम्मे. माप ठेवले तर ‘एक’, काढले तर ‘शून्य’. पाच मापांत पाच उत्तरे मिळाली की छटाकापर्यंतचे वजन कळले. परिवर्तकाच्या एका प्रमुख प्रकारात हेच घडते. धान्याच्या जागी अज्ञात दाब असतो आणि मापांच्या जागी निम्मे निम्मे होत जाणारे ज्ञात दाब. मापांची संख्या म्हणजेच ‘बिट’. दहा बिट म्हणजे १०२४ पायऱ्या, बारा बिट म्हणजे ४०९६.

या कल्पनेचा उगम दूरध्वनीच्या क्षेत्रात आहे. अलेक रीव्हज याने १९३७-३८ मध्ये पॅरिस येथे आवाजाचे अंकीय संकेतांत रूपांतर करण्याची पद्धती मांडली. १९५४ मध्ये बर्नार्ड गॉर्डन याने ‘डॅट्रॅक’ नावाचा ११ बिटांचा परिवर्तक बाजारात आणला. तो निर्वात नलिकांवर चाले, सुमारे ५०० वॉट वीज खाई आणि त्याचे वजन दीडशे पौंड होते. कोयना प्रकल्पाच्या कामाला प्रारंभ होण्याचा काळही हाच. असे यंत्र सह्याद्रीच्या कड्यावर नेऊन बसविण्याचा विचारही तेव्हा कोणी केला नसता. म्हणून कोयनेला १९६७ मध्ये कागद मिळाला, ही कोणाची हयगय नव्हती. १९७८ मध्ये ॲनालॉग डिव्हायसेस या कंपनीचा ‘एडी ५७१’ आला तेव्हा कुठे दहा बिटांचा संपूर्ण परिवर्तक सिलिकॉनच्या एकाच तुकड्यावर मावला.

दुसरा प्रकार भूकंपशास्त्राच्या दृष्टीने अधिक महत्त्वाचा. टोकियो विद्यापीठातील इनोसे आणि यासुदा यांनी १९६२ मध्ये त्याची मांडणी केली. त्याला ‘डेल्टा-सिग्मा’ म्हणतात. येथे काटेकोर मापे वापरण्याऐवजी ‘जास्त की कमी’ एवढाच ढोबळ प्रश्न अतिशय वेगाने पुन्हा पुन्हा विचारला जातो आणि प्रत्येक उत्तरातील चूक, खतावणीतील मागील बाकी ओढावी तशी, पुढील प्रश्नात ओढली जाते. अशा असंख्य ढोबळ उत्तरांची सरासरी आश्चर्यकारकरीत्या सूक्ष्म असते. मात्र हा हिशेब करण्यासाठी त्याच चिपेत पुष्कळ अंकगणित मावावे लागते. त्यामुळे १९६२ ची ही कल्पना प्रत्यक्षात मोठ्या प्रमाणावर उतरण्यास १९८० चे दशक उजाडले. भूकंपनोंदीसाठी २४ बिटांचे परिवर्तक रूढ झाले ते १९९० च्या दशकात.

चोवीस बिट म्हणजे १,६७,७७,२१६ पायऱ्या. कागदाशी तुलना करून पाहू. रेषेची जाडी ०.२ मिलिमीटर आणि तिची सर्वाधिक झेप १०० मिलिमीटर धरली, तर कागदावर वेगळ्या ओळखता येतील अशा जास्तीत जास्त ५०० पायऱ्या मिळतात. म्हणजे नऊ बिटांहूनही किंचित कमी. याचा व्यावहारिक अर्थ असा की कागदी यंत्र एकतर लहान हादऱ्यांसाठी संवेदनशील ठेवावयाचे किंवा मोठ्या हादऱ्यांसाठी बोथट. संवेदनशील यंत्राची रेषा जवळच्या मोठ्या भूकंपात कागदाबाहेर जाई. महत्ता मग दूरवरच्या वेधशाळांच्या नोंदींवरून ठरवावी लागे आणि वेगवेगळ्या वेधशाळा व वेगवेगळ्या मोजपट्ट्या वापरल्याने आकडेही वेगवेगळे येत. ६.३ आणि ६.५ यांतील अंतर हे अशा प्रकारचे आहे.

डोंगरातील वीज

कोयना परिसरात नंतरच्या काळात राष्ट्रीय भूभौतिकीय संशोधन संस्थेने (हैदराबाद) वापरलेल्या यंत्रांत ‘एमईक्यू-८००’ हे सुवाह्य यंत्र होते. त्याच्या ड्रमवर काजळी धरलेला कागद गुंडाळलेला असे. घासलेटाच्या धुरकट ज्योतीवर कागद काळा करावयाचा, त्यावर सुई रेघ ओढीत जाणार, मग कागद उतरवून लाखेच्या द्रावणात बुडवून वाळवावयाचा. ठरल्या वेळी हे सर्व करावयाचे, पावसाळ्यातदेखील. कोयनेच्या पावसाळ्याचा अनुभव असलेल्यांना यातील कष्ट सांगावयास नकोत. घड्याळाचा मागेपुढे होणारा काळ रेडिओवरील वेळसंकेताशी जुळवून घ्यावा लागे, कारण हादऱ्याचे स्थान निश्चित करण्यासाठी सेकंदाच्या दहाव्या भागाचेही मोल असते.

या दैनंदिन श्रमांचा इतिहास कोणी लिहिलेला नाही. हर्ष गुप्ता आदी शास्त्रज्ञांच्या संशोधनामुळे कोयना हे जलाशय-प्रेरित भूकंपांचे जगातील सर्वांत ठळक उदाहरण ठरले. १९६७ नंतर पाच वा त्याहून अधिक महत्तेचे वीसहून जास्त आणि चारपेक्षा मोठे सुमारे दोनशे भूकंप येथे नोंदले गेले. या यादीतील जुन्या ओळींमागे कागद काळा करणारे, बदलणारे आणि भिंग लावून रेघ वाचणारे हात आहेत. ते हात शोधनिबंधांच्या ऋणनिर्देशातही क्वचितच येतात.

सांगली जिल्ह्याच्या शिराळा तालुक्यातील चांदोली येथे वारणा धरणाच्या जलाशयात १९८५ पासून पाणी साठविण्यास सुरुवात झाली आणि १९९३ च्या सुमारास भूकंपांचे क्षेत्र दक्षिणेकडे, वारणेच्या बाजूस विस्तारले. याच वर्षी ३० सप्टेंबरला किल्लारीचा प्रलयंकारी भूकंप झाला. त्यानंतर देशातील भूकंप-वेधशाळांच्या अंकीय आधुनिकीकरणाला वेग आला आणि कोयना-वारणा परिसरातही ड्रमची जागा हळूहळू अंकीय नोंदयंत्रांनी घेतली.

येथे चिपेच्या ‘अल्पशक्ती’ या गुणाचा विचार केला पाहिजे. वर म्हटल्याप्रमाणे जुना त्वरणलेखक झोपलेला असे. हादऱ्याच्या आधीचे क्षण टिपावयाचे तर यंत्राने सतत जागे राहिले पाहिजे. दर सेकंदाला शंभर अथवा अधिक अंक तयार करून ते स्मृतीत फिरते ठेवले पाहिजेत आणि हादरा येताच आधीचे काही सेकंदही जतन केले पाहिजेत. वर्षातील एका मिनिटासाठी उरलेला सारा काळ जागे राहावयाचे, आणि तेही वीज नसलेल्या डोंगरात, बॅटरी व सौरपट्टीच्या बळावर. पावसाळ्यात आठवडेच्या आठवडे ऊन नसते. अशा ठिकाणी परिवर्तक किती वीज खातो, यावर नोंद होणार की नाही हे ठरते. अचूकतेची चर्चा त्यानंतरची.

आजची स्थिती पाहावी. टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सची १६ बिटांची ‘एडीएस १११५’ ही चिप तिच्या सर्वांत लहान रूपात २ मिलिमीटर लांब व १.५ मिलिमीटर रुंद आहे आणि चालू असताना ती सुमारे १५० मायक्रोअँपिअर प्रवाह घेते. ३.३ व्होल्टवर हा खर्च अर्ध्या मिलिवॉटचा, डॅट्रॅकच्या दशलक्षांशाइतका. अर्थात ही तुलना सर्वस्वी न्याय्य नाही. डॅट्रॅक सेकंदाला पन्नास हजार अंक देई, ही चिप जास्तीत जास्त ८६० देते. शिवाय वेधशाळांतील भूकंपनोंदीसाठी ही नव्हे, तर अधिक महागडी २४ बिटांची साधने लागतात. तरीही सांगलीच्या वालचंद किंवा कराडच्या शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालयातील विद्यार्थी आपल्या प्रकल्पात अशी चिप सहज बसवू शकतो, ही गोष्ट एआर-२४० च्या काळात कल्पनेपलीकडची होती.

आयर्विन पुलावरील फूट

कोयनेचे पाणी कराडच्या प्रीतिसंगमावर कृष्णेला मिळते आणि पुढे सांगलीस पोहोचते. सांगलीकरांच्या दृष्टीने मापन म्हणजे १९२९ मध्ये खुल्या झालेल्या आयर्विन पुलाजवळची पाणीपातळी. ४० फूट ही इशारा पातळी आणि ४५ फूट ही धोका पातळी येथील शाळकरी मुलांनाही पाठ असते. २००५ च्या महापुरात ही पातळी ५३ फुटांवर आणि ऑगस्ट २०१९ मध्ये ५७ फुटांवर गेली. कृष्णा-भीमा खोऱ्यांसाठी जलसंपदा विभागाने जलविज्ञान प्रकल्पाच्या दुसऱ्या टप्प्यात तत्काळ माहिती देणारी स्वयंचलित केंद्रे उभारली. अशा केंद्रांत पातळीचे रूपांतर विद्युतसंकेतात, संकेताचे अंकात, आणि अंकाचे संदेशात होते.

येथे किती बिट लागतात? पातळीचा पल्ला १५ मीटर धरला तर दहा बिटांची एक पायरी सुमारे दीड सेंटिमीटरची होते. बारा बिटांची चार मिलिमीटरहून कमी. महापुरातील पाण्याच्या लाटाच त्याहून मोठ्या असतात. म्हणजे पुरासाठी परिवर्तकाची सूक्ष्मता हा प्रश्नच नाही. केंद्र पाण्याखाली जाईल का, संदेश पोहोचेल का, आणि पोहोचलेला अंक कोणत्या शून्यापासून मोजला आहे, हे खरे प्रश्न होत. विभागाची नोंद समुद्रसपाटीपासून मीटरमध्ये आणि गावाची भाषा पुलावरील फुटांत, ही दुहेरी पद्धत चालू राहिली याचे कारण केवळ सवय नव्हे. रंगविलेला फूट कोणालाही डोळ्यांनी पाहता येतो. अंकावर विश्वास ठेवावा लागतो.

हा विश्वासाचा प्रश्न या भागाला नवा नाही. साखर कारखान्यांच्या वजनकाट्यांविषयीचा शेतकऱ्यांचा संशय यांत्रिक काटे गेले, लोडसेल आणि अंकपरिवर्तक आले तरी मिटला नाही. व्यापारी काट्यांसाठी वैधमापन कायदा (२००९) आहे. तपासणी आहे, मोहोर आहे. भूकंपमापकाच्या वा नदीच्या अंकामागे अशी मोहोर नसते. तेथे संस्थेची शिस्त हीच मोहोर.

अंकामागचे निर्णय

चिपेने निर्णय संपविला नाही, असे प्रारंभी म्हटले. सेकंदाला किती अंक घ्यावयाचे, संकेत किती पटींनी मोठा करावयाचा, कोणत्या कंपनसंख्या गाळावयाच्या, हे सारे नोंदीपूर्वीच कोणीतरी ठरवून ठेवतो. सेकंदाला शंभर अंक घेतले तर पन्नास हर्ट्झपलीकडचे कंपन त्या नोंदीत कधीच सापडणार नाही. पुढील पिढीने कितीही चांगले भिंग लावले तरी नाही. कागदाचे याउलट आहे. कागदावरील रेषा पुन्हा वाचता येते, नव्या प्रश्नासह, नव्या साधनांनी, तिच्या जाडीच्या मर्यादेत का होईना. रुडकीच्या अभ्यासकांनी निवडलेले बिंदू आपल्याला अमान्य असतील, तर वेगळे बिंदू निवडण्याची सोय मूळ आलेखात आहे.

म्हणूनच अंकीय नोंदीसोबत तिच्या यंत्राची जन्मपत्रिका जपणे अनिवार्य ठरते : परिवर्तकाचे बिट, अंक घेण्याची गती, संवेदकाचा प्रतिसाद, घड्याळाची जुळणी आणि यापैकी काय कोणत्या दिवशी बदलले त्याची टिपण. आपल्याकडे यंत्र खरेदी झाल्याची नोंद जपली जाते. यंत्राचे मांडणीमूल्य बदलल्याची नोंद अधिकाऱ्याच्या बदलीबरोबर जाते. पुराभिलेखाच्या दृष्टीने पहिलीपेक्षा दुसरी मोलाची आहे. काजळीचे कागद तर ठिसूळ असतात. त्यांच्या अंकीय प्रतिमा घेताना त्यावर पेन्सिलीने लिहिलेली तारीख, वेळ आणि यंत्राची पट एवढी अक्षरे जरी गमावली, तरी उरलेली रेघ मुकी होते.

२०१० च्या दशकात कोयना-वारणा परिसरात सुमारे दीड किलोमीटर खोल विवरांत भूकंपमापक उतरविण्यात आले. कराड येथे केंद्रीय पृथ्वी विज्ञान मंत्रालयाची विवर-भूभौतिकी प्रयोगशाळा उभी राहिली आणि २०१७ मध्ये गोठणे येथील ३ किलोमीटर खोलीचे पथदर्शी विवर पूर्ण झाले. सुमारे १२४७ मीटर बेसाल्ट भेदून ते खालच्या ग्रॅनाइटी खडकात शिरले. पृष्ठभागावरील वारा, वाहने, धबधबे यांचा गलबला इतक्या खोलीवर पोहोचत नाही, त्यामुळे अतिसूक्ष्म हादरेही वेगळे ओळखता येतात. साहजिकच या काळातील यादीत लहान भूकंपांची संख्या वाढलेली दिसते. ही वाढ जमिनीतील आहे की ऐकणाऱ्या कानातील, हे सांगण्यासाठी १९६० च्या दशकातील चार केंद्रांचे कागद आणि आजच्या परिवर्तकांच्या मांडणीमूल्यांची टिपणे एकाच टेबलावर ठेवून वाचावी लागतील.